बडोद्याच्या जुन्या टॉकीजचा इतिहास शोधताना या चुका टाळा

‘ही टॉकीज कधी सुरू झाली?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इमारत बांधून झाली ते साल, पडद्यावर पहिला खेळ झाला ते, बोलपटाची यंत्रं बसली ते आणि आजचं नाव लागलं ते, ही चार वेगळी सालं आहेत. वहीत चार रकाने पाडा आणि पाचवा ‘कुठून कळलं’ याचा ठेवा. रकाना रिकामा राहिला तरी चालेल. ‘अंदाजे’ म्हणून भरलेलं साल पुढे कुणीतरी खात्रीचं म्हणून उचलतोच.

पहिला भारतीय बोलपट (टॉकी) ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यामुळे ‘1922 पासूनची अमुक टॉकीज’ असं वाचलंत, तर ते साल नाटकगृहाचं किंवा मूकपटांच्या काळातलं असेल आणि नाव मागाहून लागलेलं, किंवा सालच चुकलेलं असेल. आधी ते ठरवा, मग वाक्य लिहा.

संवताचा हिशोब

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दुकानाच्या चोपडीत आणि देणगीच्या पाटीवर विक्रम संवत असतं, आणि गुजरातेत ते चैत्रात नव्हे, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतं. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीतून 57 वजा करायचे, जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंतच्या नोंदीतून 56. संवत 1991 चा कार्तिक म्हणजे नोव्हेंबर 1934, पण त्याच संवताचा वैशाख पडतो 1935 मध्ये. सरसकट 57 वजा केले की उन्हाळ्यात झालेलं उद्घाटन अख्खं एक वर्ष मागे जातं. चैत्री संवत धरणारं पंचांग वापरलं तरी हीच चूक होते. घरच्या मराठी कागदांवर शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर 79.

बडोदा संस्थानाचं सरकारी वर्षही वेगळं होतं, 1 ऑगस्ट ते 31 जुलै. मे 1935 मधली गोष्ट 1934-35 च्या वार्षिक अहवालात सापडते. एप्रिल-मार्चच्या सवयीने 1935-36 चा खंड मागवाल तर दिवस फुकट जाईल.

भलत्याच कचेरीत हेलपाटे

संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळं झालं. विलीनीकरणाआधीचं शोधायचं तर संस्थानी दप्तर आणि ‘आज्ञापत्रिका’ हे सरकारी गॅझेट पाहायचं. त्यानंतरचे बहुतेक परवाने मुंबई सिनेमा (नियमन) कायदा, 1953 खालचे. ते जिल्हा दंडाधिकारी देत, म्हणून कलेक्टर कचेरीत चौकशी करायची. फतेगंजच्या बाजूचा कॅम्पाचा, म्हणजे लष्करी छावणीचा भाग इंग्रजांच्या अखत्यारीत होता. तिथल्या थिएटरचा कागद संस्थानी दप्तरात मिळाला नाही, म्हणून थिएटरच नव्हतं असं होत नाही.

माहिती अधिकारात ‘इतिहास द्यावा’ असा अर्ज करू नका. कचेरीने फक्त असलेले कागद द्यायचे असतात. मूळ परवाना, मंजूर नकाशा, नूतनीकरणाच्या नोंदी आणि तपासणीचे शेरे, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, असं नेमकं मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची.

सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर पहिलं नाव दिसलं की त्याला संस्थापक ठरवून लोक मोकळे होतात. ते नाव जमीनधारकाचं. थिएटर चालवणारा बहुधा भाडेपट्ट्यावरचा असे, आणि पट्टे बदलत. शिवाय कार्ड सुरू होतं सिटी सर्व्हेच्या चौकशीपासून. इमारत त्याआधीचीही असू शकते. खालचे फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, एकेक करून उतरवून घ्या.

तिकीट, लेटरहेड, जाहिरात

नवे पैसे 1 एप्रिल 1957 रोजी आले आणि 1 जून 1964 पासून ‘नवे’ हा शब्द गळला. तिकिटावर ‘न. पै.’ असेल तर ते या सात वर्षांत छापलेलं. मात्र छापलं तेव्हाच फाडलं असं धरू नका, जुन्या गठ्ठ्यावर नव्या दराचा शिक्का मारून तो संपवला जाई. लेटरहेडवर 390001 असा पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. नुसतं ‘बरोडा’ छापलंय म्हणून तो 1974 च्या आधीचा ठरत नाही, कारण शहराचं अधिकृत नाव बदललं तरी व्यापाऱ्यांनी पाट्या बदलल्या नाहीत.

कापून ठेवलेल्या जाहिरातीवर साल नसतं, वार आणि तारीख असते. तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. ‘शुक्रवार, 14 ऑगस्ट’ ही जोडी 1950 ते 1975 मध्ये फक्त 1953, 1959, 1964 आणि 1970 साली येते. यातलं एक निवडताना चित्रपटाचं मुंबईतलं प्रदर्शनवर्ष आंधळेपणाने लावू नका. पेठेतल्या थिएटरात चित्रपट उशिरा येत, आणि जुने पुन्हा लागत. ‘25 वा आठवडा’ हाही मुंबईचा असू शकतो. संस्थानी काळासाठी 1917 ते 1949 या काळात निघालेलं मराठी ‘जागृति’ साप्ताहिक चाळा, पण गुजराती पत्रं सोडू नका. गुजराती लिपी येत नाही म्हणून निम्मा पुरावा टाकून देणारे मराठी अभ्यासक कमी नाहीत.

डीसीआर रद्दीत घालू नका

जुन्या मॅनेजरच्या किंवा वितरकाच्या घरी डेली कलेक्शन रिपोर्टच्या (डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा हिशोब) फायली असतील, तर फोटोंच्या आल्बमआधी त्या मागा. प्रत्येक खेळाला, प्रत्येक दर्जाला तिकिटांचा सुरुवातीचा आणि शेवटचा नंबर, दर, करमणूक कर आणि निव्वळ रक्कम असे आकडे त्यात मिळतात. बाल्कनीचा नंबर 4101 पासून 4220 पर्यंत गेला असेल तर 120 तिकिटं खपली, 119 नव्हे. हाउसफुल खेळांचे असे आकडे जमवले की प्रत्येक दर्जाच्या खुर्च्या कळतात. कर धरलेली रक्कम आणि निव्वळ रक्कम मात्र मिसळू नका. जास्त कमाईच्या दंतकथा बहुतेक वेळा तिथेच जन्मतात.

माणसांना विचारताना

‘किती साली?’ असं काकांना विचारलं की ते भिडेखातर एक आकडा सांगतात. त्याऐवजी लग्नाआधी की नंतर, तिकीट आण्यात की पैशांत, पंखे होते की नव्हते, असं विचारा. मालकापेक्षा ऑपरेटर, डोअरकीपर आणि बोर्ड रंगवणारा पेंटर यांना जास्त आठवतं.

इमारत वाचताना

प्रोजेक्शन रूमच्या भिंतीतली भोकं मोजा. एका यंत्राला दोन लागतात, एक झोताचं आणि एक ऑपरेटरने पाहायचं. चार असतील तर आलटून-पालटून चालणारी दोन यंत्रं, जास्तीचं भोक बहुधा स्लाइडचं. छतातून बाहेर पडणारं धुराडं यंत्रातल्या कार्बन आर्क दिव्याच्या धुरासाठी. आजचा रुंद पडदा मूळचा समजू नका. सिनेमास्कोप जगात आलं 1953 मध्ये, आणि त्यासाठी कित्येक ठिकाणी रंगमंचाची चौकट तोडली गेली. कौलांऐवजी सिमेंटचे पत्रे असतील तर खरवडू किंवा फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं.

इंटरनेटवरचा फोटो वापरण्याआधी शेजारच्या दुकानांच्या पाट्या मोठ्या करून वाचा. लक्ष्मी, प्रभात, अलंकार ही नावं गावोगाव होती, आणि पाटी गुजरातीऐवजी देवनागरीत निघाली तर फोटो बडोद्याचाच असल्याची दुसरी खूण शोधा.