शोकाकुल घरी सांत्वनाला जाताना

ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की शवपेटी, कबरस्तानातली जागा, पाळकसाहेबांची वेळ या धावपळीत घरच्यांना धड रडायलाही उसंत मिळत नाही. म्हणून सांत्वनाची खरी भेट दफनविधीनंतरच्या आठवड्यात द्यावी आणि गप्प बसण्याची तयारी करूनच जावे. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले.

‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’ यासारखी वाक्ये उंबऱ्याबाहेरच ठेवावीत. ‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ हे तर मुळीच म्हणू नये, कारण प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे लिहिले, शोकच करू नका असे नव्हे. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५), आणि आपण इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता, असे लाजराच्या बहिणी मार्था व मरिया दोघीही म्हणाल्या तेव्हा त्याने एकीलाही दटावले नाही. घरातले कोणी देवावर चिडून बोलले, तर बायबलचे वचन सांगण्याआधी हा प्रसंग आठवावा.

बायबलमधले स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) बहुतेकांना पाठ असते, त्यामुळे ते सर्वांनी मिळून म्हणता येते. तरुण माणूस गेलेल्या घरी मात्र, घरच्यांना विचारून, स्तोत्र ८८ वाचावे. त्याचा शेवट अंधारातच होतो आणि अशा घरात तेच खरे वाटते. प्रार्थना थोडक्यात आटपावी. कॅथलिक घरात रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणून मृतासाठी विनवणी करतात, तर प्रॉटेस्टंट घरात सहसा मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना होते. पाहुण्याने घरची रीत पाळावी.

मदतीच्या भरात वस्तू आवरू नयेत. माझ्या पाहण्यातल्या एका घरी आजोबांचा चष्मा उघड्या बायबलवर तसाच होता. कोणीतरी तो उचलून डबीत ठेवला, आणि तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या आजींना हुंदका आवरेना.

महिन्याभराने माणसे येईनाशी होतात, तेव्हा पुन्हा जावे. कॅथलिक कुटुंब असेल तर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावायला सोबत करावी. पहिल्या नाताळात त्या घरी बहुधा काही तळलेले नसते. करंज्यांचा डबा न्यावा आणि देऊन लगेच निघू नये.