घड्याळावरून मेसेजचा आयडी कसा बांधावा

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीला मासेमारीचे ट्रॉलर लागू लागले, की समुद्रात रेंजअभावी फोनमध्ये अडकलेले मेसेज एकदम सुटतात आणि सर्व्हरवर भलत्याच क्रमाने येऊन पडतात. म्हणून मच्छीमारांच्या मेसेज ॲपमध्ये आयडी, म्हणजे प्रत्येक मेसेजचा वेगळा आणि क्रम सांगणारा क्रमांक, सर्व्हरवर न देता, मेसेज लिहिला त्या क्षणी फोनवरच तयार करावा.

नुसती वेळ त्याला पुरत नाही, कारण एकाच मिलिसेकंदात दोन तांडेल (बोटीचे प्रमुख) लिहू शकतात. ट्विटरने २०१० साली मांडलेल्या स्नोफ्लेक पद्धतीत आयडीच्या ६४ बिटांपैकी (शून्य-एकच्या जागांपैकी) पहिला रिकामा राहतो. पुढचे ४१ वेळेला, १० यंत्राच्या क्रमांकाला आणि १२ त्याच मिलिसेकंदातल्या अनुक्रमाला मिळतात. वेळ १९७० पासून मोजल्यास ४१ बिट २०३९ मध्येच संपतात. त्यामुळे आरंभबिंदू आपला घ्यावा. डिस्कॉर्ड या चॅट ॲपने २०१५ ची सुरुवात धरली आहे. आपण १ जानेवारी २०२४, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच, हा क्षण धरू. बरोबर ३६६ दिवसांनी ७ क्रमांकाच्या फोनवरून गेलेल्या पहिल्या मेसेजसाठी (अनुक्रम ०) तेवढ्या दिवसांचे ३१६२२४००००० मिलिसेकंद ४१९४३०४ने, म्हणजे २ च्या २२व्या घाताने, गुणून (वेळेच्या मागे १० आणि १२ बिट असतात म्हणून) त्यात ७ गुणिले ४०९६, म्हणजे २ चा १२वा घात, मिळवले, की १३२६३३९५८८०९६२८६७२ हा आयडी येतो. फोन १०२४ हून अधिक असतील, तर हा खटाटोप न करता यूयूआयडी या १२८ बिटांच्या प्रमाणित आयडीची सातवी आवृत्ती सरळ वापरावी.

खरी डोकेदुखी घड्याळाची. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका बोटीवरचा फोन तीन मिनिटे पुढे होता, आणि ‘सुरमईचा भाव काय?’ या प्रश्नाच्या वरच त्याचे उत्तर जाऊन बसले. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली दिलेला नियम इथे कामी येतो: आलेल्या आयडीतली वेळ आपल्यापेक्षा पुढची असेल, तर आपला पुढचा आयडी तिच्याही पुढचा काढावा. मात्र याला काही मिनिटांची मर्यादा घालावी, नाहीतर एकच बिघडलेला फोन सगळ्यांना पुढच्या वर्षात नेईल. घड्याळ मागे सरकले, तर शेवटची वापरलेली वेळच धरून अनुक्रम वाढवावा. ती वेळ आणि तिचा अनुक्रम फोनमध्ये साठवलेले असावेत, म्हणजे ॲप बंद पडून पुन्हा उघडले तरी आयडी दुबार होत नाही.

हा आयडी जावास्क्रिप्टकडे (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेकडे) मात्र आकडा म्हणून कधीही देऊ नये. तिथल्या साध्या संख्येत एवढ्या मोठ्या, नेमक्या साठवता येणाऱ्या आकड्यांमधले अंतर १६ असते, त्यामुळे ...६७२ आणि ...६७५ हे दोन्ही मेसेज ...६७२ होऊन एकमेकांवर बसतात. तो मजकूर म्हणूनच, अवतरणचिन्हांत पाठवावा.