ब्लॅक सॅबथचा 'बॉर्न अगेन' ऐकायचा कसा

आधीच सांगून ठेवतो, पहिल्यांदा लावलात की स्पीकरवर कोणीतरी घोंगडं टाकलंय असं वाटणार. स्पीकर ठीक आहे, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या १९८३ च्या या अल्बमचं मिक्सिंगच गढूळ आहे, आणि त्यावर खुद्द बँडवालेही वैतागले होते. बहुतेक लोक दुसऱ्या गाण्यापर्यंत कंटाळून सोडून देतात आणि मग आयुष्यभर 'डिओनंतर (म्हणजे आधीच्या गायकानंतर) सॅबथ संपला' म्हणत फिरतात. मीही फिरलोय, चांगली चार-पाच वर्षं.

तर पहिलं काम, बास बूस्ट बंद करा. आपल्याकडे ब्लूटूथ स्पीकर घेतला की ते बटण कायम चालूच असतं, आणि इथे तर खालचा आवाज आधीच इतका साचलेला आहे की त्यात अजून बास म्हणजे चिखलात पाणी. इक्वलायझर असेल तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल खाली आणा आणि ३ ते ४ किलोहर्ट्झला थोडंसंच वर, जास्त केलंत तर झांजा कानात टोचतात. साधा वायरवाला हेडफोन असेल तर उत्तम. बँडमधल्या गीझर बटलरची बास गिटार वेगळी ऐकू यायला लागली की समजा जमलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. हा सॅबथचा अल्बम म्हणून ऐकूच नका. मूळ गायक ऑझी नाही, डिओ नाही, इथे गातोय इयान गिलन, डीप पर्पल या दुसऱ्या रॉक बँडवाला, ज्याने १९७० च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या रेकॉर्डवर येशूचा आवाज दिला होता. एका पबमध्ये दारू पिता पिता ठरलं आणि साहेब सॅबथमध्ये! हा गिलनचा अल्बम आहे आणि मागे टोनी इओमी गिटार वाजवतोय असं धरून चला, निम्म्या तक्रारी तिथेच गळून पडतात. डिओ ड्रॅगन आणि इंद्रधनुष्यांवर गायचा, गिलन काल रात्री काय घडलं ते सांगतो. 'ट्रॅश्ड' हे पहिलंच गाणं म्हणजे ऑक्सफर्डशायरच्या मॅनर स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना त्याने पिऊन ड्रमर बिल वॉर्डची गाडी गो-कार्टच्या ट्रॅकवर पिदडली आणि उलटवली, त्याची हकीकत. (हेच गाणं १९८५ मध्ये अमेरिकेत 'मुलांना वाईट' म्हणून काढलेल्या पंधरा गाण्यांच्या यादीत गेलं, दारूसाठी!)

पण सुरुवात 'ट्रॅश्ड'ने नका करू. थेट 'डिस्टर्बिंग द प्रीस्ट' लावा, रात्री, दिवे बंद करून, घरच्यांना आधी सांगून, कारण गिलन त्यात हसतो, कुजबुजतो आणि मग अशी किंकाळी मारतो की शेजारचे बेल वाजवतील. नावामागची गोष्ट मात्र साधी आहे, स्टुडिओच्या आवाजाचा शेजारच्या चर्चला त्रास व्हायला लागला आणि पाद्रीबुवा तक्रार घेऊन आले, एवढंच.

मग 'झिरो द हिरो'. साडेसात मिनिटं एकच जाडजूड रिफ (गिटारची तीच ती छोटी धून) गरगरत राहतो आणि त्याच्यावर गिलन गात नाही, टोमणे मारतो. शब्द नाही कळले तर नाही कळले. त्यानंतर पाच मिनिटं थांबून टायटल ट्रॅक, 'बॉर्न अगेन', संथ, गिटार लांबून आल्यासारखी, आणि आवाज हळूहळू वर चढत जातो, मला विचाराल तर त्या दशकात गिलन इतका उघडा दुसरीकडे कुठे गायलाच नाही. इथे गढूळ मिक्ससुद्धा शोभतं, धुक्यासारखं. 'हॉट लाइन' वगैरे नंतर कधीही ऐका, काही बिघडत नाही.

कव्हरवरच्या शिंगं-नखंवाल्या लाल बाळाकडे फार बघू नका, ते सगळ्यांनाच भयानक वाटतं. टूरसाठी स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन दगडी वर्तुळाचा, सेट बनवायला दिला तर फुटांऐवजी मीटर धरले गेले म्हणे, आणि तो इतका अवाढव्य झाला की स्टेजवर मावेना.

तरीही हा अल्बम ब्रिटनच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेला होता बरं का. १९८४ मध्ये गिलन परत पर्पलमध्ये गेला, १९९५ ला त्यांच्याबरोबर मुंबईत गाऊनही गेला, आणि सॅबथबरोबरचा त्याचा स्टुडिओ अल्बम हा एवढा एकच राहिला.

आवडलाच तर २०११ ची दोन सीडींची आवृत्ती शोधा, तिच्यात १९८३ च्या रेडिंग फेस्टिवलचा लाइव्ह आहे. ड्रमवर बिल वॉर्डच्या जागी ईएलओ या बँडचा बेव्ह बेव्हन, आणि शेवटाकडे चक्क डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', इओमीच्या गिटारवर. तो रिफ इओमीच्या हातात जरा गाळात रुतल्यासारखा वाटतो, मला काही झेपला नाही, पण एकदा ऐकाच.