चर्चमध्ये साहित्यवर्ग घेणार असाल तर

आमच्या नगरच्या चर्चमागच्या खोलीत गेली नऊ वर्षं मी शनिवारी दुपारी आठवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग घेते. जुनं, टिकलेलं साहित्य वाचायचं आणि निबंध लिहायचा, ख्रिस्ती नजरेतून, एवढंच पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. ती नजर म्हणजे नेमकं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शाळेत मराठी शिकवतेच, त्यात काय विचारायचं!

पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर निबंध दिला होता : धाकटा मुलगा पैसा उधळून घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. चौदा वह्या आल्या आणि चौदाही एकाच वाक्याशी येऊन थांबल्या : ‘म्हणून आपण प्रभूवर विश्वास ठेवला पाहिजे.’ मोठ्या भावाबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. तो रागावून बाहेर उभा आहे, बाप समजूत घालतोय, आणि गोष्ट तिथेच संपते. तो शेवटी आत गेला की नाही, हे गोष्ट लिहिणारा लूक सांगतच नाही. एवढी मोठी जागा सगळ्यांनी ओलांडली. दोष मुलांचा नव्हता. ‘यातून काय बोध मिळतो?’ हे फळ्यावर मीच लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या वर्गात बंद आहे. आधी विचारते, इथे काय घडतंय? मग, लिहिणाऱ्याने काय सांगायचं बाकी ठेवलंय? विश्वासाचा प्रश्न नंतर येतो आणि बहुतेक वेळा मुलंच तो काढतात.

वाचायला काय घ्यायचं? नव्या शिक्षकाला वाटतं, आपल्याकडे फादर स्टीफन्स आहेत, म्हणजे बायबलची गोष्ट मराठी ओव्यांत सांगणाऱ्या त्यांच्या क्रिस्तपुराणापासून सुरुवात. जरूर करा, पण पहिल्या पानापासून नको. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेला हा ग्रंथ सुमारे ११ हजार ओव्यांचा आहे. मुलं तिसऱ्या आठवड्याला येईनाशी होतील. मी एकच ओवी घेते :

जैसी हरळांमाजी रत्नकिळा ।
कि रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भासांमाजी चोखळा ।
भासा मराठी ॥

‘हरळ म्हणजे ते गवत ना, बाई?’ दर वर्षी कुणीतरी विचारतंच. गवत ती हरळी. मी घरून न निवडलेले तांदूळ मूठभर नेते, कागदावर पसरते आणि म्हणते, शोधा हरळ. बारीक खडा बोटाला लागला की ओवी कळते. ज्यांच्या घरी पाकिटातला तांदूळ येतो, त्यांना वेळ लागतो. मग सांगते, हे लिहिणारा माणूस इंग्लंडमधून आलेला जेझुइट पंथाचा धर्मगुरू होता आणि ओवीचा साचा त्याने इथल्या संतांकडून उचलला. घरी करायचं काम असं : आपल्या बोलीवर चार वाक्यं, स्वयंपाकघरातली एक उपमा, आणि ‘सुंदर’, ‘महान’, ‘गोड’ हे शब्द वापरायचे नाहीत. माझ्या मते निबंधाचं निम्मं शिक्षण या चार वाक्यांत होतं.

तुकारामही वाचतो. एका पालकांनी ‘चर्चमध्ये अभंग कशाला?’ म्हणून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारी वडीलजनांकडे तक्रार नेली होती. मी वाद घातला नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि त्याच टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो. तक्रार तिथे मिटली. पण पूल आहे म्हणून तुकारामाला अर्धा ख्रिस्ती करून शिकवू नका. तो विठोबाशी भांडतोय, त्याला विठोबाशीच भांडू द्या.

याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राला मी सर्वांत जास्त आठवडे देते. नवरा १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतो आणि ही बाई मागे राहते. मधल्या वर्षांतला तिचा राग, रडणं, सोवळं हळूहळू सुटत जाणं, सगळं ती सांगते आणि वर स्वतःलाच हसते. साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो हे सगळ्यांपुढे सांगणं, द्यायची तर अशी द्यावी, असं मला वाटतं. आपल्या मंडळीत साक्षीला उभं राहिलं की माणूस आधी काळाकुट्ट होतो आणि एका रात्रीत पांढराशुभ्र. लक्ष्मीबाईंकडे ते घाईचं रंगकाम नाही.

भाषांतरं शेजारी ठेवून वाचणं ही फुकटची शाळा आहे. पंडिता रमाबाईंचं १९२४ सालचं बायबल, फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल आणि चर्चमधली रोजची प्रत यांतलं एकच वचन फळ्यावर लिहा. शब्द का बदलला, यावर मुलं तास घालवतात.

संत ऑगस्टिनच्या ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनातला त्याच्या लहानपणच्या नासपतीच्या चोरीचा प्रसंग मी गोष्टीसारखा सांगते. घरी त्याहून चांगली फळं असताना पोरांनी रात्री झाड झोडपलं आणि बरीचशी फळं डुकरांना टाकली. का केलं, हा प्रश्न तो बिशप झाल्यावरही सोडत नाही. मग मुलांना त्यांची एक चोरी लिहायला लावते. नाव घालायचं नाही, वही मी कुणाला दाखवत नाही, हे आधी सांगा आणि पाळा.

एका मुलीने लिहिलं होतं, दानासाठी आईने दिलेल्या दहा रुपयांची तिने स्टँडवर भेळ खाल्ली. पुढ्यात कागद, हात तिखट झालेले, आणि चर्चची घंटा ऐकू येतेय. फार चांगलं लिहिलं होतं. आणि खाली ओळ सोडून ‘प्रभू, मला क्षमा कर.’ मी विचारलं, हे वाक्य कुणासाठी? परीक्षकासाठी, माझ्यासाठी, का देवासाठी? ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग पेनाने ते खोडलं आणि म्हणाली, ‘ते मी त्याला वेगळं सांगेन, बाई.’

वर्ग जूनमध्ये सुरू करा, मार्चमध्ये कुणी येत नाही. बारापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. वह्या तपासून होत नाहीत. तांदूळ मात्र रेशनचाच न्या.