प्लेअर बिघडला म्हणण्याआधी या चुका टाळा

मंगळवार, बाजाराचा दिवस, म्हणजे माझ्या दुकानाच्या फळीवर मुके, बोबडे आणि खरखरणारे गाण्यांचे प्लेअर येऊन पडायचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं, भोवती खेडीच खेडी. मोबाइल घरोघरी आले, तरी जागलीला जाणारा माणूस वावरात अजून छोटा प्लेअरच नेतो. बॅटरी रात्र काढते, हरवला तर जीव जात नाही, आणि माणूस जागा आहे एवढं रानडुकरांना कळत राहतं. ओलिताची लाइन रात्रीची असली की मोटरीजवळही तोच वाजत असतो. आणि मंगळवारी तोच माझ्यासमोर येतो. "भाऊ, याचा आवाज गेला. नवीनच घेऊ का?"

घेऊ नका. इतकी वर्षं मी हे डबे उघडून बसतोय, खरा बिघाड आत क्वचित सापडतो. तो गाण्यात असतो, वायरीत असतो, कार्डात असतो, आणि बऱ्याचदा माणसाच्या घाईत. तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतो.

पेटी ऐकू येते, बुवा गायब

एका वर्षी शेजारच्या गावात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. सोयाबीन नुकतंच निघालेलं, त्या पैशातून मंडळातल्या एका पोट्ट्याने चांगल्यापैकी प्लेअर घेतलेला. पहाटेच्या ध्यानाआधी त्याच्यावर खंजेरी भजनं लावायची ठरली. चार वाजता मला फोन. "भाऊ, बुवाचा आवाजच येऊन नाही राहिला, नुसती पेटी वाजून राहिली!"

मी पोचेपर्यंत पोरांनी कार्ड दोनदा फॉरमॅट केलं होतं, गाणी पुन्हा भरली होती, भोंगा बदलला होता. साउंडवाला म्हणे प्लेअर चायनाचा. पोट्टा म्हणे साउंडवाला चायनाचा. नव्या भजनांत पेटी होती, खंजेरी होती, गाणारा मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. आणि महाराजांच्या आवाजातली जुनी भजनं लावली तर जवळजवळ काहीच नाही. समोर बसलेले एक म्हातारे बाबाजी म्हणाले, "मौन श्रद्धांजली तर सायंकाळी असते ना बाप्पा?"

मी गाणी बघितलीच नाहीत, वायर बघितली. एका टोकाला प्लेअरची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला साउंडवाल्याच्या मिक्सरची (आवाज एकत्र करायच्या डब्याची) जाड पिन, आणि दोन्ही पिनांवर दोन-दोन काळ्या रेघा, म्हणजे दोन्ही स्टिरिओ. इथेच मेख होती. मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड असतं. त्यात दोन तारा येतात आणि मिक्सर त्या दोघींमधला फक्त फरक घेतो. लांब वायरीत वाटेत जी घरघर शिरते ती दोन्ही तारांवर सारखीच असते, वजाबाकीत ती निघून जाते. मोठी हुशार सोय आहे. पण प्लेअर त्याच दोन तारांवर एकीकडून डावा आवाज पाठवतो, दुसरीकडून उजवा. मग दोन्हीकडे जे सारखं आहे ते सगळं वजा. गाणारा नेहमी बरोबर मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा, म्हणून पहिला तोच उडतो. उरते ती त्याच्या आवाजाची घुमी आणि कडेची वाद्यं. जुनी ध्वनिमुद्रणं तर मोनो. डावं-उजवं तंतोतंत एकच, म्हणून तिथे सगळंच उडालं.

तेव्हा माझ्याकडे वायरीला सोल्डरचा डाग द्यायला वेळ नव्हता. प्लेअरच्या सेटिंगमध्ये बॅलन्स होता, म्हणजे डावा-उजवा आवाज कमी-जास्त करायची पट्टी, तो पूर्ण डावीकडे सरकवला. उजवी बाजू गप्प झाली, वजा करायला काही उरलं नाही, आणि बुवा एकदम मंडपात प्रकटले. दुसऱ्या दिवशी वायर दुकानात आणून उजवी तार कापली, जाड पिनची मधली कडी मागच्या अर्थिंगला जोडली. ती वायर अजून त्या मंडळाकडे आहे. मी तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, कारण कोणीतरी शहाणा ती "दुरुस्त" करेल याची मला खात्री आहे.

हाच रोग इयरफोनमध्येही होतो. अर्थिंगची तार पिनजवळ तुटली किंवा पिन पुरती आत बसली नाही, तर गाणारा असाच गायब होतो. वेचणीच्या दिवसांत तर हमखास. खिशात कापसाचे पुंजके असतात, त्यांचे तंतू पिनच्या भोकात शिरतात, तुम्ही पिन खोचता, तंतू तळाशी दाबले जातात. महिनाभरात तिथे गादी तयार. पिन दोन मिलिमीटर बाहेर राहते आणि तुम्ही मला सांगता की प्लेअर गेला. प्लेअर बंद करून खराट्याची बारीक काडी घ्या आणि हळूच फिरवून कापूस काढा. सुई घालू नका. सुईने आतली पितळी जिभली वाकते, आणि मग तुम्हाला खरंच मला पैसे द्यावे लागतात.

१२८ चं ३२० करून आणणारे

हे दुसरं दुखणं. कोणीतरी सांगतं की ३२० ची फाइल, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटची, ही भारी क्वालिटी. मग पोरं व्हिडिओतून गाणं उतरवतात, कन्व्हर्टरवर ३२० निवडतात आणि फाइल फुगली की खूश होतात. ताकात पाणी ओतलं तर ताक वाढतं, लोणी वाढत नाही.

आकडे समजून घ्या. सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट जातात. १२८ च्या एमपी३ मध्ये त्याचा अकरावा हिस्सा राहतो. बाकीचं, कानाला कळणार नाही असा अंदाज बांधून, फेकून दिलेलं असतं. फेकलेलं परत येत नाही. ३२० केलंत तर त्याच उरलेल्या मालाभोवती मोठं पोतं येतं, आणि पुन्हा दाबल्यामुळे थोडं आणखी बिघडतं.

कान तयार करायचा असेल तर टाळ ऐका, खंजेरीच्या चकत्या ऐका. गाणाऱ्याचा आवाज १२८ मध्येही बरा तग धरतो. पण झांज-टाळासारखे टोकदार, वरच्या पट्टीचे आवाज पाण्यात चूळ भरल्यासारखे होतात. भजनवाल्यांना हे आधी कळायला हवं, पण तेच सगळ्यात दाबलेल्या फाइली घेऊन येतात. डोळ्यांनी बघायचं असेल तर संगणकावर स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. गाणं त्यात टाकलं की रंगीत चित्र दिसतं. फाइल ३२० ची म्हणवते आणि रंग साधारण १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबतो, म्हणजे बहुधा पोतं मोठं, माल तोच.

१२८ आलं कुठून, तर गरजेतून. एमपी३ हे नाव जर्मनीत १९९५ साली पक्कं झालं. १९९८ मध्ये कोरियात पहिला खिशातला प्लेअर निघाला, त्यात जागा ३२ एमबी. १२८ च्या हिशोबाने मिनिटाला जवळपास एक एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तेव्हा दाबणं भागच होतं. आज बाजारात मिळणाऱ्या ३२ जीबीच्या कार्डात खरी ३२० ची गाणी भरली तरी सुमारे २२० तास, म्हणजे नऊ दिवस-रात्र अखंड वाजेल. एवढं ऐकणार कोण? तरी माणूस विचारतो, "अजून किती बसतील?" आणि वर म्हणतो आवाज पातळ आहे.

माझी सवय अशी: घरात सीडी किंवा कॅसेट असेल तर ती एकदाच, नीट, फ्लॅकमध्ये उतरवून ठेवायची. त्यात काही फेकलं जात नाही. पाच मिनिटांचं गाणं साधारण ३० एमबी होतं, होऊ द्या. प्लेअरसाठी त्यातूनच ३२० किंवा २५६ ची प्रत काढायची. आणि भोंग्यावर वाजवायला २४ बिट १९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीहूनही कितीतरी बारीक मापाची फाइल मागणाऱ्यांना मी फक्त चहा पाजतो. भोंगा वरचंही खातो आणि खालचंही. स्वस्त ब्लूटूथ डब्याचंही तेच. पाठवताना गाणं पुन्हा एकदा दाबलं जातंच.

इक्वलायझरच्या सगळ्या काड्या वर

गाणं आधीच छताला, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या कमाल आवाजाला, टेकलेलं असतं. सगळ्या काड्या वर केल्या की ते छतावर आपटतं आणि चिरकतं. खालचा आवाज, म्हणजे बास, हवा असेल तर बाकीच्या काड्या खाली घ्या आणि व्हॉल्यूम वाढवा. इयरफोनमध्ये बास नाही अशी तक्रार असेल तर आधी रबराचं बोंड बदला. डब्यात तीन मापांची येतात, लोक दोन फेकून देतात. कानात फट राहिली की बास पहिला पळतो. मूठभर स्पीकरमधून ढोलाचा धमका मागू नका, तो देणार नाही आणि जळेल.

पाचशे जीबी, दोनशे रुपये

जत्रेतलं कार्ड. यावर मी दुसऱ्यांना हसत नाही, कारण मीही घेतलं होतं.

माझी मावशी जात्यावर बसून ओव्या म्हणायची. एका उन्हाळ्यात मी प्लेअरच्या रेकॉर्डरवर दोन तास घेतल्या, वेव्हमध्ये, म्हणजे मिनिटाला दहा एमबी, एक अक्षर न दाबता. प्लेअरची जागा भरली. नवं भलंमोठं कार्ड होतं, त्यावर गाण्यांच्या मागे ओव्या कट-पेस्ट केल्या. यादीत नावं दिसली, मापं दिसली, मी निवांत. दिवाळीत लावायला गेलो तर प्लेअर एकेक नाव दाखवून पुढे उडी मारत होता.

अशा कार्डाच्या आत खरी जागा चार-आठ जीबी असते. त्यातली चिप मात्र संगणकाला खोटं माप सांगते. नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीला लिहिली जाते, म्हणून ती शाबूत राहते. खरी जागा संपल्यावरचा माल एकतर जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच जात नाही. म्हणजे गाडी भरल्याची पावती आहे, गोदामात कापूस नाही. मावशीने ओव्या नंतर पुन्हा म्हटल्या, पण तोवर जातं माळ्यावर गेलं होतं. घरघर नसताना तिचीही लय बसेना. मध्येच थांबून म्हणायची, "मले आता पुढची आठवून नाही राहिली."

आता कोणतंही नवं कार्ड मी आधी काठोकाठ भरतो आणि सगळं परत वाचून बघतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं. मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात. लागू द्या, रात्री लावून झोपा. आणि कट-पेस्ट या घरात बंद. आधी कॉपी, मग वाजवून बघणं, मगच जुनं पुसणं.

अध्याय पहिला, दहावा, अकरावा, दुसरा

पोथीचे २१ अध्याय भरून दिले आणि प्लेअरने मनाला येईल तसे वाचले, ही तक्रार श्रावणात दर आठवड्याला येते. काही प्लेअर अक्षरांच्या क्रमाने लावतात, त्यांना १ नंतर १० दिसतो. म्हणून नावं ०१, ०२ अशी द्या. स्वस्त प्लेअर तेवढंही बघत नाहीत. ज्या क्रमाने फाइल कार्डावर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी कार्ड रिकामं करून फायली एकेक करून क्रमाने टाकायच्या. कंटाळवाणं आहे. मी टाकतो, मधे चहा पितो. नावं मराठीत लिहिली आणि पडद्यावर चौकोन दिसले, तर त्या प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. रोमनमध्ये लिहा आणि पुढे चला.

६४ जीबीचं कार्ड जुना प्लेअर ओळखत नसेल, तर ते बहुधा एक्सफॅटमध्ये आलेलं असतं आणि जुन्याला फॅट३२ च वाचता येतं. या कार्डावर फाइली मांडायच्या दोन पद्धती. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या, पण आतला माल आधी बाहेर काढून.

बाकीचं थोडक्यात

चार्जिंगला लावून प्लेअर अँप्लिफायरला जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो. चार्जर काढा, जातो.

अँप्लिफायरला जोडताना प्लेअरचा आवाज पाऊण ठेवा, बाकीचं अँप्लिफायरला करू द्या. प्लेअर कमी आणि अँप्लिफायर फुल केलात तर खरखर वाढवून ऐकता.

लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं, ट्रॅक्टरच्या पेटीत तर विचारू नका. उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा. पाठ फुगलेला प्लेअर दाबून बसवू नका, टोचू तर अजिबात नका. पावसाळाभर पेटीत ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, शून्यावर ठेवला तर बॅटरी परत उठेलच असं नाही.

कॉपी चालू असताना कार्ड उपसू नका. परवाच एक पोट्टा फळीला टेकून उभा होता, पट्टी शेवटाला आलेली. "बस आली भाऊ!" म्हणत त्याने कार्ड ओढलं आणि पळाला. मी पुढची बस येईपर्यंत दुकान उघडं ठेवलं. आला तो. कार्ड परत पहिल्यापासून भरलं.

आणि दुकानात येताना प्लेअर एकटा आणू नका. ज्या वायरीने वाजवता ती वायर, तोच इयरफोन, तेच कार्ड पिशवीत घालून आणा. नाहीतर माझ्या वायरीवर तो छान वाजतो, तुम्ही खूश होऊन घरी जाता, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा फळीवर.