ब्रिटनचा शाही विवाह घरी बसून कसा पाहावा

ब्रिटनच्या राजघराण्यातले लग्न घरबसल्या पाहायचे असेल, तर पहिले काम घड्याळाचे आहे. दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि बसायची जागा ज्याची त्याला जमते. चुकते ती वेळ, आणि एकदा चुकली की तो प्रसंग घडताना पाहण्याची संधी पुन्हा मिळत नाही.

लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, हे शाळेत पाठ केलेले गणित वर्षातले काही महिनेच खरे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. मधल्या काळात अंतर साडेचार तासांचे राहते. २९ एप्रिल २०११ रोजी राजपुत्र विल्यम आणि केट यांचा विवाहविधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये सकाळी ११ वाजता सुरू होणार होता. मी ११ मध्ये साडेपाच तास मिळवले आणि शेजारच्या काकूंना दुपारी साडेचारला बोलावले. खरी वेळ साडेतीनची होती. आम्ही चहाचे कप घेऊन बसलो, तेव्हा वचने देऊन झाली होती, अंगठी घालून झाली होती. आपल्या भाषेत सांगायचे, तर अक्षता पडून गेल्या होत्या. "पुन्हा दाखवतीलच की," असे काकू म्हणाल्या आणि वाहिन्यांनी रात्री पुन्हा दाखवलेही, पण क्षणभर पुढे काय होईल हे ठाऊक नसण्यात जो आनंद असतो, तो त्यात नव्हता.

म्हणून सरसकट साडेचार तास मिळवा, असाही सल्ला मी देणार नाही. राणी एलिझाबेथ यांचे लग्न २० नोव्हेंबर १९४७ रोजी झाले आणि त्यांची कन्या ॲन यांचे १४ नोव्हेंबर १९७३ रोजी. अशा हिवाळी तारखेला साडेपाच तासच लागू होतात. महिना नव्हे, नेमकी तारीख पाहून हिशेब करावा, तो कागदावर लिहावा आणि लंडनचे चालू घड्याळ पाहून ताडून घ्यावा. नातेवाइकांना कळवताना त्यांच्या गावची वेळ सांगावी. माझ्या न्यू जर्सीतल्या मावसबहिणीसाठी २०११ चा तोच विधी पहाटे ६ वाजता होता.

वेळेचा आणखी एक पेच असा की जाहीर होते ती वेळ विधी सुरू होण्याची असते, आणि वधूचा पोशाख तर त्याआधीच दिसतो. २०११ साली केट १० वाजून ५१ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे ३ वाजून २१ मिनिटांनी, हॉटेलातून मोटारीने निघाली. ॲबीच्या दाराशी उतरताना बहीण पिपाने तिच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ दोन्ही हातांनी उचलून सारखा केला, तो क्षण ठरलेल्या वेळेवर दूरचित्रवाणी लावणाऱ्यांना मिळाला नाही. सकाळपासून पडद्यासमोर ठाण मांडा, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. पाहुण्यांच्या टोप्या दहा मिनिटांत पाहून होतात. जाहीर वेळेच्या पाऊण तास आधी बसणे पुरेसे आहे.

प्रक्षेपण असे निवडावे, ज्यात विधी चालू असताना निवेदक गप्प राहतात. २०११ मध्ये होकाराचे शब्द उच्चारले गेले, तेव्हा बाहेरच्या गर्दीचा जल्लोष ॲबीच्या आतही ऐकू आला. स्टुडिओतल्या चर्चेत असे काही ऐकू येत नाही.

विधिक्रमाची पुस्तिका जवळ ठेवावी. २०११ चे हे लग्न आणि २०१८ चे विल्यमचा भाऊ हॅरी आणि मेगन यांचे, या दोन्ही लग्नांच्या वेळी ती आधीच इंटरनेटवर उपलब्ध होती. स्तोत्रे आणि प्रवचन यांत नवख्या प्रेक्षकाचे लक्ष विचलित होते, ते पुस्तिका असली की होत नाही. वचने मात्र शब्दन् शब्द ऐकावीत. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये डायनाने चार्ल्सच्या नावांचा क्रम चुकवून फिलिप हे नाव आधी घेतले, आणि २०११ मध्ये वेल्सच्या सोन्याची अंगठी केटच्या बोटात चढवताना विल्यमला थोडा जोर लावावा लागला. माणसे दिसतात ती अशा क्षणी.

नोंदवहीत सह्या होतात, त्या कॅमेऱ्याच्या आड. चहा तेव्हा ठेवावा, पण आवाज मोठा असू द्यावा, कारण संगीत त्याच वेळी असते. १९ मे २०१८ रोजी लंडनबाहेरच्या विंडसर किल्ल्यात हॅरी आणि मेगन सह्या करत होते, तेव्हा शेकू कॅने-मेसन या तरुणाने चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखे वाद्य, वाजवला, आणि स्वयंपाकघरात असलेल्या माझ्या वहिनीने गॅस बंद करून बाहेर येऊन तो ऐकला.

पुढे काय पाहायचे, हे स्थळावर अवलंबून आहे. विंडसरला बाल्कनी नसते. तिथे उघड्या घोडागाडीतून मिरवणूक निघते. लंडनमध्ये लग्न असेल, तर बकिंगहॅम राजवाड्याच्या बाल्कनीपर्यंत थांबावे. २०११ साली नवदांपत्य आपल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे आले, आणि थोड्याच वेळात लँकेस्टर, स्पिटफायर आणि हरिकेन ही दुसऱ्या महायुद्धातली विमाने डोक्यावरून गेली. त्यानंतर सगळे आत जातात आणि मेजवानी कोणालाच दाखवत नाहीत, तेव्हा दूरचित्रवाणी बंद करायला हरकत नाही.