आधी विचारा, हे कशाचं आहे?

पोलंडची आधुनिक कला शिकायला घेतली तेव्हा मी नुसती वाचत सुटले होते. पहिल्याच चर्चासत्रात माग्दालेना अबाकानोविच या शिल्पकर्तीच्या ‘पाठी’ या शिल्पांवर दहा मिनिटं बोलले. युद्ध, गर्दी, माणसाचं एकटेपण, सगळं सांगून झालं. बाईंनी शांतपणे विचारलं, “हे केलंय कशाचं?” मला सांगता येईना.

गोणपाटाचं. साच्यावर गोणपाट दाबून राळेनं कडक केलेल्या ८० पोकळ पाठी, १९७६ ते १९८० दरम्यानच्या. जवळून पाहिलं की चुण्या सुरकुत्यांसारख्या दिसतात, मणक्यापाशी सुतळीचे धागे निघालेले असतात. धान्याची पोती उचलताना हाताला जी खरखर लागते, तीच त्या पाठींची कातडी. हे कळल्यावर माझं आधीचं बोलणं मलाच हवेतलं वाटलं.

अबाकानोविचची त्याआधीची ‘अबाकान’ नावाची प्रचंड विणकामं सिसलची आहेत. सिसल म्हणजे आपल्या बांधावरचं घायपात, त्याचा वाख. युद्धानंतर पोलंडमध्ये कामाला लागणाऱ्या सामानाची टंचाई होती. ती बंदरांवरचे टाकून दिलेले दोरखंड आणायची, उसवायची, धुवायची, रंगवायची आणि विणायची. या कामाचं रूप त्या टंचाईतूनच आलंय, म्हणून नुसतं ‘वस्त्रकला’ लिहून पुढे जाऊ नका.

चित्रकार आणि नाट्यदिग्दर्शक तादेउश कांतोरकडे वळाल तेव्हा १९४४ पासून सुरुवात करा. जर्मनांच्या ताब्यातल्या क्राकुफ शहरात त्यानं चोरून ग्रीक वीर ओडिसियसच्या परतण्याचं नाटक केलं. रंगमंच म्हणजे घरातली एक खोली, आणि तिच्यात चिखलानं माखलेलं गाडीचं चाक, कुजकी फळी. नेपथ्य परवडत नव्हतं म्हणून हे आणलं असं समजू नका. सगळ्यात खालच्या पायरीवरची वस्तूच खरं बोलते, असं तो आयुष्यभर मानत राहिला. क्राकुफला गेलात तर क्रिकोतेका या कांतोरच्या संग्रहालयात त्याच्या नाटकांतल्या वस्तू जरूर बघा.

माझ्या वहीत आता प्रत्येक कामासाठी पहिल्या तीन ओळी ठरलेल्या आहेत: काय वापरलंय, कुठून आलं असेल, हाताला कसं लागेल. कलावंताचं नाव चौथ्या ओळीवर. पिशवीत मोजपट्टीही ठेवा. एद्वार्द क्रासिन्स्की या पोलिश कलावंताची निळी चिकटपट्टी भिंतीवरून, वस्तूंवरून १३० सेंटीमीटर उंचीवर सरळ धावते. मी मोजपट्टी जमिनीला टेकवून उभी धरली, तर ती रेघ माझ्या छातीपाशी आली.